लांबलेली महासाथ आणि सरकारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. बहुतेक उदाहरणं २०२० ते २०२३ या कोविडकाळातली आहेत, कारण इतक्या देशांनी एकाच रोगाला एकाच वेळी कसं तोंड दिलं याची एवढी तपशीलवार नोंद आधी कधी झाली नव्हती.

१. एखादी साथ ‘महासाथ’ झाली हे कोण ठरवतं?

जागतिक आरोग्य संघटना. तिच्या हातातला नियमातला अधिकार म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ जाहीर करणं. कोविडसाठी ती ३० जानेवारी २०२० ला जाहीर झाली. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र ११ मार्चची तारीख, कारण त्या दिवशी संघटनेच्या महासंचालकांनी या रोगाला ‘महासाथ’ म्हटलं. त्या शब्दाला तेव्हा नियमांत काहीच स्थान नव्हतं. तरीही बरीच सरकारं हलली ती त्यानंतरच, म्हणजे खरी घंटा वाजल्यावर सहा आठवड्यांनी. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन ‘महासाथ आणीबाणी’ ही वरची पायरी आता नियमांतच आली आहे. दुरुस्ती १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. अमेरिकेने ती नाकारली.

२. जागतिक आरोग्य संघटना एखाद्या देशाला लॉकडाउन लावायला भाग पाडू शकते का?

नाही. ती शिफारस करते. मानायची की नाही हे देश ठरवतो. देशांवर बंधन आहे ते माहिती देण्याचं. संशयास्पद उद्रेक कळल्यापासून ४८ तासांत त्याची छाननी करायची आणि तो गंभीर ठरला तर २४ तासांत संघटनेला कळवायचं. छाननीत चार प्रश्न असतात: आरोग्यावरचा परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, दुसऱ्या देशांत पसरण्याचा धोका आहे का, प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध येतील का. चारपैकी दोन उत्तरं ‘हो’ आली की कळवणं बंधनकारक. न कळवणाऱ्याला शिक्षा नाही, हे या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं दुबळेपण आहे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. लॉकडाउन, प्रवासबंदी किंवा लससक्ती लादण्याचा अधिकार संघटनेला मिळत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

३. सरकार लोकांना घरात बसवतं ते कोणत्या कायद्याने?

बहुतेक देशांनी तीनपैकी एक वाट धरली. पहिली, जुना साथरोग कायदा. इंग्लंडमधले लॉकडाउनचे नियम १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली निघाले. मार्च २०२० मध्ये घाईने केलेल्या कोरोना कायद्याखाली निघाले हा सर्रास होणारा गैरसमज आहे. दुसरी, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा. दक्षिण आफ्रिकेने २००२ चा वापरला. भारताने २००५ चा वापरला आणि जोडीला १८९७ चा साथरोग कायदा घेतला. तिसरी, राज्यघटनेतली आणीबाणी. स्पेनने घटनेतली ‘धोक्याची अवस्था’ जाहीर केली. जपानकडे सक्तीचा अधिकारच नव्हता. तिथे सरकार ‘विनंती’ करत असे, आणि न ऐकणाऱ्या दुकानांना दंड करण्याची तरतूद फेब्रुवारी २०२१ मध्ये आली.

घाईत चूक होते ती इथेच. न्यूझीलंडमध्ये २६ मार्चपासून लोकांना घरी राहायला सांगितलं गेलं, पण तसं बंधन घालणारा लेखी आदेश ३ एप्रिलला निघाला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की निर्बंध गरजेचे आणि प्रमाणात होते, पण ते नऊ दिवस त्यांना कायद्याचा आधार नव्हता. डेन्मार्कमध्ये प्रकरण आणखी चिघळलं. मिंक या प्राण्यांमध्ये बदललेला विषाणू माणसांत आल्यामुळे ४ नोव्हेंबर २०२० ला देशातले सगळे मिंक मारण्याची घोषणा झाली. कायदा परवानगी देत होता ती फक्त बाधित फार्म आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्यापुरती. दीड कोटींहून जास्त प्राणी मारण्याचा हुकूम बेकायदा होता हे उघड झाल्यावर कृषिमंत्र्यांना जावं लागलं आणि कायदा डिसेंबरमध्ये मागाहून करावा लागला. पत्रकार परिषदेत बोललेलं वाक्य म्हणजे कायदा नव्हे, हे दोन्हीकडे फार उशिरा लक्षात आलं.

४. पहिल्या काही आठवड्यांत सरकारने नेमकं काय करायचं असतं?

सगळ्यात आधी चाचणी. रोगी कुठे आहे हेच कळत नसेल तर पुढचं सगळं अंधारात चालतं. दक्षिण कोरियाला हे २०१५ च्या मर्स या श्वसनरोगाच्या साथीने शिकवलं होतं: १८६ रुग्ण, ३८ मृत्यू, आणि चाचण्या अपुऱ्या. त्यानंतर तिथे कायदा बदलून साथीच्या काळात चाचणी किटला तातडीची मान्यता देण्याची सोय केली गेली. म्हणून २७ जानेवारी २०२० ला अधिकाऱ्यांनी किट बनवणाऱ्या कंपन्यांना बोलावून घेतलं आणि ४ फेब्रुवारीला पहिल्या किटला मान्यता दिली. जानेवारीत दिसलेला वेग हे मर्सनंतर केलेल्या कायद्याचं फळ होतं.

बाकीची कामं एकाच वेळी चालतात. निर्णय कोण घेणार आणि शास्त्रज्ञांचं म्हणणं त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचणार हे लेखी ठरवायचं. मास्क, हातमोजे, ऑक्सिजन यांचा साठा कुठे किती आहे ते मोजायचं. वृद्धाश्रम, तुरुंग, कामगारांच्या खोल्या यांसारख्या दाटीच्या जागांची यादी करायची. ही यादी राहून जाते आणि मग महागात पडते: सिंगापूरमध्ये एप्रिल २०२० मध्ये साथ भडकली ती स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांत, आणि स्वीडनच्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये वृद्धांचं रक्षण करण्यात देश कमी पडल्याचं नोंदवलं.

५. ‘शून्य रुग्ण’, ‘दाबून ठेवणं’ आणि ‘सौम्य करणं’ यांत फरक काय?

शून्य रुग्ण म्हणजे देशात संसर्गाची एकही साखळी शिल्लक राहू द्यायची नाही. हा मार्ग चीन आणि न्यूझीलंडचा. दाबून ठेवणं म्हणजे रुग्ण राहतील, पण आकडा वाढायला लागला की लगेच निर्बंध. युरोपातले बरेच देश लस येईपर्यंत असेच चालले. सौम्य करणं म्हणजे संसर्ग चालू राहणार हे धरून रुग्णालयांवरचा ताण आणि मृत्यू कमी ठेवायचे. स्वीडन याच्या जवळ होता. मात्र तिथेही ५० हून जास्त लोकांच्या जमावावर बंदी होती, ‘काहीच केलं नाही’ हे खरं नाही.

शून्याचा मार्ग धरणाऱ्याने बाहेर पडायचं दार आधीच बांधून ठेवावं लागतं. न्यूझीलंडने ऑक्टोबर २०२१ मध्ये, लसीकरण जोरात असताना, तो मार्ग सोडला. हाँगकाँगमध्ये मात्र वृद्धांचं लसीकरण मागे राहिलं होतं आणि २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉन आत शिरला तेव्हा मृत्यूंचं प्रमाण भयंकर वाढलं. दोन वर्षं जपलेली माणसं काही आठवड्यांत गेली.

६. लॉकडाउनने साथ संपते का?

संपत नाही. वेळ मिळतो. किती, ते साध्या गुणाकाराने कळतं. रोज १,००० नवे रुग्ण आहेत, एक रुग्ण सरासरी अडीच जणांना संसर्ग देतो आणि एका फेरीला पाच दिवस लागतात असं धरा. महिन्याभरात सहा फेऱ्या होतात आणि रोजचा आकडा सुमारे २,४४,००० वर जातो. भेटीगाठी कमी करून अडीचचं ०.८ केलं, तर त्याच महिन्यात तो सुमारे २६० वर येतो. हा हिशोब ढोबळ आहे, पण एक आठवडा उशीर झाला तर काय होतं हे त्यातून दिसतं. निर्बंध उठले आणि बाकी काहीच बदललेलं नसलं की एका रुग्णामागचा संसर्ग पुन्हा अडीचकडे सरकतो.

म्हणून लॉकडाउनबद्दल विचारायचा खरा प्रश्न हा, की मिळालेल्या आठवड्यांत किती चाचणी केंद्रं उभी राहिली, ऑक्सिजनचं काय झालं, संपर्क शोधायला किती माणसं नेमली. याचं उत्तर नसेल तर लोकांनी सोसलेलं वाया गेलं.

लॉकडाउन कागदावर कडक असून जमिनीवर फसतो तो कसा, हे पेरूने दाखवलं. १६ मार्च २०२० पासून तिथे अत्यंत कडक निर्बंध होते. पण दहातले सात कामगार असंघटित क्षेत्रातले आणि जवळपास निम्म्या घरांत फ्रिज नाही. म्हणजे रोज कमवायला आणि रोज बाजारात जायला बाहेर पडणं भागच. बाजार संसर्गाची केंद्रं झाले. मदतीचे पैसे काढायला बँकांसमोर रांगा लागल्या, त्याही तशाच. (पैसे पोचवण्याबद्दल प्रश्न ८ पाहा.)

७. निर्बंध कधी लावायचे आणि कधी उठवायचे, हे कसं ठरतं?

आज दिसणारा आकडा आजचा नसतो. संसर्ग, मग लक्षणं, मग चाचणी, मग अहवाल: यात आठ-दहा दिवस जातात. रुग्णालयात दाखल होण्याचा आकडा साधारण दोन आठवडे मागचा असतो, मृत्यूंचा त्याहून जुना. खाटा भरलेल्या दिसल्यावर निर्बंध लावले तरी पुढचे दोन आठवडे रुग्ण येतच राहतात, कारण त्यांना संसर्ग आधीच झालेला असतो. सांडपाण्यातल्या विषाणूची तपासणी यावर उपयोगी पडते. लोक चाचणीला येण्याआधीच वाढ तिथे दिसते.

जर्मनीने एप्रिल २०२१ मध्ये उंबरठा थेट कायद्यात लिहिला. जिल्ह्यात सात दिवसांत दर लाख लोकसंख्येमागे १०० हून जास्त रुग्ण, आणि असं सलग तीन दिवस, तर रात्री १० ते पहाटे ५ संचारबंदीसह ठरलेले निर्बंध आपोआप लागू. सलग पाच कामाचे दिवस आकडा १०० खाली राहिला की निर्बंध शिथिल. १६५ च्या वर शाळेतले वर्ग बंद. घटना न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये हे वैध ठरवलं.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२१ मध्ये टप्प्यांचा आराखडा दिला. दोन टप्प्यांत किमान पाच आठवडे: चार आठवडे परिणाम आकड्यांत दिसायला, एक आठवडा लोकांना आणि दुकानदारांना तयारीला. शेवटचा टप्पा २१ जूनचा होता. डेल्टामुळे तो १९ जुलैला गेला. पुढे ढकलण्याची शक्यता पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेली होती, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. निर्बंध लावले त्याच दिवशी ते उठवण्याचा निकषही छापला, तर लोक जास्त काळ साथ देतात.

८. काम बंद झालेल्यांना पैसे पोचवतात कसे?

नोकरदारांसाठी दोन पद्धती दिसल्या. एकीत नोकरी टिकवून पगार सरकार देतं. जर्मनीच्या जुन्या ‘कुर्त्सआर्बाइट’ योजनेत बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के मिळत; २०२० मध्ये ठरवलं की चौथ्या महिन्यापासून ७० आणि ७७, सातव्यापासून ८० आणि ८७. ब्रिटनने शून्यातून योजना उभी करून पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड दिले. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना कधी ना कधी आधार मिळाला. पण स्वतःचा धंदा नुकताच सुरू केलेले लोक सुटले, कारण पात्रता जुन्या विवरणपत्रांवरून ठरत होती.

दुसऱ्या पद्धतीत नोकरी जाऊ देतात आणि बेकारभत्ता वाढवतात. अमेरिकेने आठवड्याला सरसकट ६०० डॉलर जादा दिले. प्रत्येकाच्या पगाराचं प्रमाण काढणं राज्यांच्या जुनाट संगणकांना जमणारं नव्हतं, म्हणून सरसकट. परिणामी अनेकांना पगारापेक्षा जास्त मिळालं आणि त्यावरून राजकारण पेटलं.

ज्यांचं नाव कोणत्याच पगारपत्रकात नाही त्यांचं काय? इथे टोगो या छोट्या देशाने बऱ्याच श्रीमंत देशांना मागे टाकलं. ८ एप्रिल २०२० ला ‘नोविसी’ योजना सुरू झाली. माणूस साध्या फोनवरून *८५५# डायल करायचा आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा. मतदार यादी नुकतीच अद्ययावत झाली होती आणि तीत व्यवसायाची नोंद होती, त्यामुळे असंघटित कामगार निवडता आले. पैसे फोनवरच्या खात्यात जमा व्हायचे. बायकांना महिन्याला १२,२५० सीएफए फ्रँक, पुरुषांना १०,५००, दोन हप्त्यांत. बँक नाही, रांग नाही, स्मार्टफोनही नाही. पुढे गरीब ग्रामीण भाग शोधायला उपग्रहचित्रं आणि फोन वापराची माहिती वापरली गेली. उणीव उघड आहे: ज्यांच्याकडे मतदार ओळखपत्र किंवा फोन नव्हता, ते बाहेर राहिले.

९. गरीब देशांनी एवढा पैसा आणायचा कुठून?

अमेरिकेने मार्च २०२० मध्ये एका कायद्याने २.२ लाख कोटी डॉलर मंजूर केले, कारण तिला स्वतःच्या चलनात कर्ज काढता येतं. परकीय चलनात कर्ज असलेल्या देशांना ती मुभा नाही. जी-२० ने मे २०२० ते डिसेंबर २०२१ कर्जफेड पुढे ढकलू दिली, पण माफ केली नाही आणि खासगी धनको त्यात सक्तीने आले नाहीत. झांबियाचा हप्ता नोव्हेंबर २०२० मध्ये थकलाच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑगस्ट २०२१ मध्ये ६५० अब्ज डॉलरच्या मूल्याची राखीव मालमत्ता वाटली, मात्र सदस्यांच्या कोट्याप्रमाणे; म्हणजे मोठा वाटा श्रीमंतांकडेच गेला.

१०. क्वारंटाइन आणि आयसोलेशन एकच ना?

मराठीत ‘विलगीकरण’ दोन्हींना म्हटलं जातं, म्हणून गोंधळ होतो. रोग झालेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. संपर्कात आलेल्या, पण अजून निरोगी दिसणाऱ्या माणसाला थांबवणं म्हणजे क्वारंटाइन. मुदत संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावरून ठरते; कोविडच्या सुरुवातीचे १४ दिवस त्यावरूनच आले. कल्पना जुनी आहे: रगुसा, म्हणजे आजचं दुब्रोवनिक, इथे १३७७ मध्ये प्लेगच्या गावांतून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवत. पुढे ते ४० झाले आणि ‘चाळीस’ या इटालियन शब्दावरून नाव पडलं.

लोक क्वारंटाइन मोडतात ते बहुतेकदा रोजगार बुडतो म्हणून. तैवानने पाळणाऱ्याला दिवसाला १,००० तैवानी डॉलर दिले आणि मोडणाऱ्याला १ लाख ते १० लाख दंड ठेवला. दोन्ही बाजू असल्या तरच हे चालतं.

११. संपर्क शोधणारी ॲप्स फसली का?

ॲप्सकडून अपेक्षाच अवाजवी होती. खरं काम फोन लावून बोलणाऱ्या माणसांनी केलं. जपानने उलट्या दिशेने शोध घेतला: हा रुग्ण कोणाला देईल यापेक्षा याला कुठून मिळाला. थोडे रुग्ण पुष्कळांना संसर्ग देतात, त्यामुळे मागे गेलं की मोठी गाठ सापडते. त्यातूनच बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं टाळा हा सल्ला आला.

ॲप टिकतं ते विश्वासावर. सिंगापूरने माहिती फक्त संपर्क शोधायला वापरू असं सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कळलं की पोलीसही ती घेऊ शकतात. ओरड झाल्यावर फेब्रुवारीत कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता मर्यादित केला. नॉर्वेने माहिती-संरक्षण यंत्रणेच्या इशाऱ्यानंतर जून २०२० मध्ये आपलं ॲप थांबवलं आणि जमा माहिती पुसली.

सोलमध्ये मे २०२० मध्ये इटेवॉन भागातल्या नाइटक्लबांतून संसर्ग पसरला. त्यांतले काही समलैंगिकांचे असल्याने ओळख उघड होण्याच्या भीतीने लोक पुढे येईनात. शहराने नाव न विचारता चाचणी सुरू केली, फक्त फोन क्रमांक घेतला, आणि चाचण्या वाढल्या.

१२. सीमा बंद केल्याने फायदा होतो का? सरकार स्वतःच्या नागरिकालाही परत येण्यापासून रोखू शकतं का?

विषाणू आत शिरण्याआधी आणि आल्यावर क्वारंटाइनची सोय असेल तर फायदा होतो. बेटांना ते जमलं. देशात फैलाव झाल्यानंतर बंद केली तर हाती फारसं लागत नाही. शिवाय किंमत प्रामाणिक देश मोजतो: दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली आणि काही दिवसांत तिच्यावरच प्रवासबंदी आली. पुढच्या वेळी कोण लवकर कळवेल? २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, हेही सीमाबंदीचंच बिल.

नागरिकांचा प्रश्न अवघड आहे. न्यूझीलंडने परतणाऱ्यांच्या क्वारंटाइनच्या खोल्या सोडतीने वाटल्या. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की क्वारंटाइन स्वतः योग्य होतं, पण कोणाची गरज किती तातडीची हे न पाहणाऱ्या सोडतीने मायदेशी येण्याच्या हक्काचा भंग झाला.

१३. खाटा वाढवूनही रुग्णालयं कोलमडतात, ते का?

खाट विकत मिळते. अतिदक्षता विभागाची नर्स तयार व्हायला वर्षं लागतात. आणि दुसरं, ऑक्सिजन. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो ११ तास ४० मिनिटं पुरतो. नाकावाटे वेगवान प्रवाहाने ५० लिटर द्यावा लागला तर २ तास २० मिनिटं. असे २० रुग्ण असतील तर दिवसाला दोनशेहून जास्त सिलिंडर, आणि ते भरायला नेणारी-आणणारी वाहनं. म्हणून मोठी रुग्णालयं द्रवरूप ऑक्सिजनची टाकी ठेवतात. एक लिटर द्रवाचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. पण टाकी असली तरी पाइप जुने असतील आणि सगळे रुग्ण एकदम जास्त ओढायला लागले, तर टोकाच्या वॉर्डात दाब पडतो. ब्राझीलच्या मानाउस शहरात जानेवारी २०२१ मध्ये साठाच संपला आणि माणसं गुदमरून गेली. नद्या आणि जंगलाने वेढलेल्या त्या शहरात टँकर वेळेत पोचवणं सोपं नव्हतं. ऑक्सिजनचा हिशोब लाट येण्याआधी करायचा असतो.

१४. शाळा इतका काळ बंद ठेवायची गरज होती का?

पहिल्या काही आठवड्यांत, रोगाबद्दल काहीच कळत नसताना, हो म्हणता येईल. एप्रिल २०२० मध्ये जगातली दीडशे कोटींच्या आसपास मुलं घरी होती. डेन्मार्कने १५ एप्रिललाच लहान वर्ग सुरू केले: छोटे कायमचे गट, बाकांत अंतर, वारंवार हात धुणं, जमेल तेवढे तास उघड्यावर. स्वीडनने प्राथमिक शाळा बंदच केल्या नाहीत. दुसऱ्या टोकाला युगांडातल्या शाळा मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण वा अंशतः बंद होत्या. शाळांआधी बार उघडले असतील तर त्या सरकारने प्राधान्य चुकवलं, असं आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

१५. लस आधी कोणाला, आणि काही देशांना इतक्या उशिरा का मिळाली?

ब्रिटनने २ डिसेंबर २०२० ला पहिली लस मान्य केली, ८ तारखेला टोचायला सुरुवात केली आणि वृद्धाश्रमांपासून वयाच्या उतरत्या क्रमाने गेला. उद्देश मृत्यू टाळणं. इंडोनेशियाने आरोग्यसेवकांनंतर १८ ते ५९ वयाच्यांना आधी घेतलं.

गरीब देशांसाठी ‘कोव्हॅक्स’ हा लसवाटपाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम होता. २०२१ अखेर २०० कोटी डोस द्यायचे होते. पोचले निम्म्याहून कमी. श्रीमंत देशांनी कारखान्यातून माल निघण्याआधीच करार करून ठेवले होते, आणि मार्च २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट आल्यावर मुख्य पुरवठादाराची निर्यात थांबली. नंतर दान आलं ते मुदत संपत आलेल्या डोसचं. नायजेरियाला डिसेंबर २०२१ मध्ये दहा लाखांहून जास्त डोस नष्ट करावे लागले.

वाटपात बारीक गोष्टी अडवतात. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासची साठवण लागे. तिच्या कुपीत पाच डोस धरले होते, पण सुईत कमी द्रव अडकून राहणारी सिरिंज वापरली तर सहा निघतात. सिरिंज चुकीची घेतली तर सहावा डोस वाया.

१६. लस सक्तीची करता येते का?

करता येते, पण सरसकट सक्ती टिकत नाही असं दिसलं. ऑस्ट्रियाचा कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, ३,६०० युरोपर्यंत दंडाची तरतूद होती. मार्चमध्ये स्थगित आणि त्याच उन्हाळ्यात रद्द, एकही दंड न करता. इटलीने ५० वर्षांवरच्यांपुरती मर्यादा घातली आणि एकदाच १०० युरो दंड ठेवला. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना लावलेला ‘लस किंवा नियमित चाचणी’ हा नियम सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रोखला, कारण कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या अधिकाराबाहेरचा ठरला. त्याच दिवशी केंद्राचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांवरची सक्ती मात्र मान्य केली. फरक अधिकाराचा आहे, म्हणून प्रश्न ३ सोबत वाचा.

१७. आधी ‘मास्क नको’ आणि मग ‘मास्क हवाच’, असं का?

दोन गोष्टी मिसळल्या. पुरावा खरोखर बदलत होता. लक्षणं नसलेल्यांकडूनही संसर्ग होतो हे हळूहळू कळलं. पण साठा कमी असल्याने मास्क डॉक्टर-नर्सना हवेत, हे खरं कारण अनेक सरकारांनी नीट सांगितलं नाही आणि ‘उपयोग नाही’ असा सूर लावला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ५ जून २०२० ला बदलला. तैवानने तुटवडा मान्य केला आणि ६ फेब्रुवारीपासून आरोग्यविमा कार्डावर प्रौढ माणशी आठवड्याला दोन मास्क, प्रत्येकी ५ तैवानी डॉलर, असं रेशन लावलं. कार्डावरच्या ओळख क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून सम-विषम वार ठरले.

१८. मृत्यूंचे सरकारी आकडे खरे मानायचे का?

एकटे नाहीत. चाचणी न होता गेलेला माणूस त्यांत नसतो. म्हणून नेहमीच्या वर्षांत अपेक्षित मृत्यू आणि प्रत्यक्ष झालेले मृत्यू यांतला फरक काढतात. या पद्धतीने जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून १ कोटी ४९ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. नोंदलेले कोविडमृत्यू तेव्हा सुमारे ५४ लाख होते. भारतासह काही सरकारांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. पेरूने मात्र ३१ मे २०२१ ला निकष सुधारून आपला आकडा सुमारे ६९,००० वरून १,८०,००० च्या वर नेला. चूक अशी जाहीरपणे दुरुस्त करायला धैर्य लागतं.

१९. साथीत निवडणूक घ्यावी की पुढे ढकलावी?

दोन्ही जमतं, मुदत ठरलेली असेल तर. दक्षिण कोरियाने १५ एप्रिल २०२० ला घेतली: ताप मोजणं, हातमोजे, क्वारंटाइनमधल्यांना सायंकाळी सहानंतर वेगळी वेळ. मतदान ६६ टक्के झालं. न्यूझीलंडने १९ सप्टेंबरची निवडणूक १७ ऑक्टोबर २०२० वर नेली, चारच आठवडे.

२०. साथ संपल्यावर सरकार हे अधिकार परत करतं का?

कायद्यात लिहिलं असेल तर. ब्रिटनच्या कोरोना कायद्याला दोन वर्षांची मुदत आणि दर सहा महिन्यांनी संसदेत आढावा होता. हंगेरीत ३० मार्च २०२० च्या कायद्याला मुदतच नव्हती. जूनमध्ये तो मागे घेताना सरकारला पुन्हा आरोग्य-आणीबाणी आणता येईल असा दुसरा कायदा करून घेतला गेला. मिंक प्रकरणानंतर (प्रश्न ३) डेन्मार्कच्या २०२१ च्या साथरोग कायद्यात मोठे निर्बंध रोगाच्या वर्गवारीला बांधले गेले. कोविड ‘समाजासाठी गंभीर रोग’ या वर्गातून काढल्यावर १ फेब्रुवारी २०२२ ला तिथले निर्बंध गेले. जागतिक आणीबाणी संपल्याचं ५ मे २०२३ ला जाहीर झालं, पण देशातल्या तारखा प्रत्येकाच्या वेगळ्या. अमेरिकेत ११ मे २०२३.

२१. ज्या नियमाखाली दंड भरला तो नियमच नंतर बेकायदा ठरला, तर पैसे परत मिळतात का?

देशावर आणि निकालाच्या शब्दांवर अवलंबून आहे. स्पेनच्या घटना न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये सहा विरुद्ध पाच मतांनी पहिल्या लॉकडाउनमधली घरबंदी घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे दंडाची प्रकरणं पुन्हा उघडता आली, पण बुडालेल्या धंद्याची भरपाई मागण्याचा रस्ता न्यायालयाने त्याच निकालात बंद केला. न्यूझीलंडच्या नऊ दिवसांच्या प्रकरणात (प्रश्न ३) केवळ जाहीर निवाडा मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये नियम वैध होते, चूक पावतीत होती: नेमका कोणता गुन्हा केला हे तिच्यावर पुरेसं लिहिलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकरण न्यायालयात गेल्यावर सरकारने ३३,१२१ दंड मागे घेतले आणि भरलेली रक्कम परत देण्याचं ठरलं. तेव्हा पावती जपून ठेवा, आणि तिच्यावर कलम, ठिकाण, वेळ आणि नेमकं काय केलं हे चारही लिहिलं आहे का ते पाहा.